साडेतीनशे यार्डांवरून

परत येऊन तीन महिने झाले. भेटेल तो विचारतो, लंडन कसं आहे, राणीचा वाडा बघितला का, थंडी सोसली का. मी उत्तरं देते. त्या मुक्कामातले सहा दिवस मात्र कोणी विचारत नाही, कारण ते कोणाला ठाऊकच नाहीत. म्हणून लिहून काढते आहे. वाचून कोणाला तिकडे जावंसं वाटेल असं हे वर्णन नाही, हे आधीच सांगते.

मी जनावरांची डॉक्टर. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं काढली. अडलेल्या गाई मोकळ्या केल्या, हजारो शेळ्यामेंढ्यांना लसी टोचल्या. माझे थोरले भाऊ, अण्णा, इंग्लंडात स्लाऊला डॉक्टर आहेत. त्यांची किती वर्षांची बोलावणी होती, शेवटी ब्याण्णव सालच्या नोव्हेंबरात रजा मिळाली आणि मी गेले. नोव्हेंबरात तिकडे कोणी जात नाही, हे तिथे पोचल्यावर कळलं. दुपारी चारला अंधार, आणि त्याआधीही उजेड असा नाहीच. अण्णांच्या खिडकीतून गोदामांची पत्र्याची छपरं दिसत आणि त्यांच्यावर दिवसभर एकच राखाडी आभाळ.

अण्णांचा मुलगा निखिल. सत्तावीस वर्षांचा, जन्म तिथलाच, रीडिंगच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. उंच, शांत पोरगा. माझ्याशी आवर्जून मराठी बोलायचा, फक्त त्याच्या मराठीत खुर्ची कधी तो असायची तर कधी ते. त्याचा नाद म्हणजे रायफल. क्लबात जाऊन सहाशे यार्डांवरच्या कागदी निशाण्यावर गोळ्या मारायच्या. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा किंचित कमी. दिवाणखान्यात गणपतीच्या शेजारी त्याचे सात चषक मांडलेले होते आणि अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत.

त्या वर्षी दोघा बापलेकांनी स्कॉटलंडच्या उत्तरेला हरणांच्या शिकारीचा एक आठवडा ठरवला होता. ऐन वेळी अण्णांच्या जागी काम बघणारा डॉक्टर आजारी पडला.

"तू जा त्याच्याबरोबर," अण्णा मला म्हणाले. "खोली घेतलेलीच आहे. तेवढाच तुला डोंगर बघायला मिळेल. आणि जनावरांतलं तुला कळतं."

"मारायचं कळत नाही हो मला."

"बघ नुसतं."

निखिल म्हणाला, "आत्या, चल. इट्स ब्युटिफुल. आणि तिकडचा स्टॉकर लोक बायकांना पण नेतात हिलवर."

मी गेले.

डोंगराखालचं घर

दोन दिवसांच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. इन्व्हर्नेस मागे पडल्यावर रस्ता एकेरी झाला, झाडं संपली, आणि मग तासन् तास तपकिरी डोंगर. आपल्याकडे माळ उघडा असला तरी कुठेतरी एखादी बाभळ, एखादं देऊळ, खांद्यावर घोंगडं टाकलेला माणूस दिसतो. इथे काहीच नाही. गवत, दगड, काळं पाणी.

फर्गस नावाचा माणूस त्या डोंगरांवरच्या हरणांची राखण करायचा आणि तोच शिकाऱ्यांना घेऊन जायचा. अशा माणसाला तिकडे स्टॉकर म्हणतात. पन्नाशीचा, आखूड दाढीचा, बोलायला कंजूष. डोंगर कोणा लंडनच्या मालकाचा, फर्गस पगारी. त्याची बायको मोराग, तिने आम्हाला घराच्या मागची खोली दिली. घरात पेटवलेल्या मातीचा वास होता. दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून तिकडे चुलीत घालतात. आपल्या गोवऱ्यांसारखीच, धूर जरा कडवट.

रात्रीच्या जेवणाला हरणाच्या मांसाचा रस्सा होता, मीठ आणि गाजर एवढ्यावरच शिजवलेला. मी पिशवीतून कांदालसणाची चटणी काढली. मोरागने बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा घेतली. तिने विचारलं, तुमच्याकडे हरणं खातात का. मी म्हटलं, आता बंदी आहे, पण उसात रानडुकरं शिरतात तेव्हा लोक बंदीचं फारसं ऐकत नाहीत. फर्गस पहिल्यांदा हसला.

सकाळी त्याने घोडी दाखवली. मारलेलं जनावर डोंगरावरून खाली आणायला तो अजून घोडीच वापरायचा. पांढरी, बसकी, मोठ्या पोटाची. ती पुढच्या डाव्या पायावर भार कमी टाकत होती. मी न विचारताच खूर उचलून बघितलं. आत बारीक खडा रुतला होता. सुरी मागितली, खडा काढला, पोटॅशच्या पाण्याने धुतलं. त्यानंतर फर्गस मला डॉक्टर म्हणू लागला आणि निखिलला तरुण माणूस.

त्याच दिवशी त्याने मला एक कुंपण दाखवलं. दोन माणूस उंच जाळी, आत गुंठाभर जमीन. आत पाइनची आणि रोवनची रोपं खांद्याला लागत होती. बाहेर घोट्याइतकंसुद्धा झाड नव्हतं.

"बाहेरचं सगळं हरणं खातात," फर्गस म्हणाला. "लांडगे आमच्या पणज्यांनी संपवले. आता लांडग्याचं काम मी करतो. नाही केलं तर मार्चमध्ये पाडसं ओढ्याकाठी भुकेने मरून पडतात. ती बघायला कोणी पाहुणा येत नाही."

मला ते पटलं. बेचाळीस डिग्रीत चाऱ्याविना मरणारी गुरं मी दुष्काळात पाहिली आहेत. संख्या आणि चारा यांचं गणित मला नवं नव्हतं.

नोव्हेंबर हा माद्या मारायचा काळ. नरांची शिंगं भिंतीवर टांगणारे हौशी पाहुणे ऑक्टोबरात येऊन जातात. थंडीतलं हे काम कोणाला नको असतं. मादीबरोबर त्या वर्षीचं पाडस असतं, आणि मादी मारली तर पाडसही मारायचं, कारण आईविना ते हिवाळा काढत नाही. हे सांगताना फर्गस निखिलकडे बघत होता.

"जमेल?"

"होय," निखिल म्हणाला.

लोखंडाची पाटी

डोंगरावर जाण्याआधी पाहुण्याची नेमबाजी तपासायची रीत आहे. फर्गसने शंभर यार्डांवर कागद लावला. निखिलने तीन गोळ्या मारल्या, तिन्ही भोकं पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकली असती. रायफल त्याची स्वतःची होती, वर हातभर लांब दुर्बीण. लाकडी दस्त्यावर त्याने एक कागद चिकटवला होता. किती यार्डांवर गोळी किती इंच खाली येते, वारा असला तर किती सरकते, सगळं बारीक अक्षरात.

"लांबचं काही आहे का?" त्याने विचारलं.

ओढ्यापलीकडे चारशे यार्डांवर ताटाएवढी एक लोखंडी पाटी टांगलेली होती. निखिल ओल्या गवतात पालथा पडला. तीन बार. प्रत्येक वेळी आवाज आधी, आणि मग पलीकडून टण्ण. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. माझ्या भावाचं पोरगं, आणि असा हात.

फर्गसने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो म्हणाला, "छान. पण मी दीडशेच्या वर मारू देत नाही. फार झालं तर दोनशे."

"का?" निखिलने विचारलं. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "मी चारशेवर तिन्ही मारल्या. तुमचे दुसरे पाहुणे शंभरवर चुकत असतील."

"चुकतात," फर्गस म्हणाला. "पण तिथून गोळी पोचायला अर्धा सेकंद लागतो. लोखंड त्या अर्ध्या सेकंदात पाऊल टाकत नाही."

"उभं असलेलं जनावर निवडायचं."

"सगळी उभीच असतात. पुढे काय करणार ते त्यांनाही माहीत नसतं." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि जवळ गेलास तर चुकल्यावर दुसरी गोळी मारता येते. कुठे लागली ते दिसतं. लांबून चुकलास तर तुला कळायच्या आत ती टेकडीपलीकडे."

संध्याकाळी निखिल मला म्हणाला, "आत्या, ही इज अ नाइस मॅन, पण ओल्ड स्कूल. त्याच्या रायफलची दुर्बीण बघितला का? माझा आजोबाच्या वेळचा आहे."

मला वाटलं, असेल. तरुणांना नवीन साधनं कळतात. आमच्या दवाखान्यातसुद्धा जुने लोक नव्या सुईला नावं ठेवतात.

तिसरा दिवस

पहिले दोन दिवस हात हलवत परत आलो. वारा सारखा फिरत होता आणि आमचा वास लागून कळप निघून जात होते. दिवसाला सात तास उजेड, त्यातले चार चालण्यात. दुसऱ्या रात्री फर्गस फोनवर मालकाच्या माणसाशी बोलत होता. ठरवून दिलेल्या माद्या अजून मारून झाल्या नव्हत्या, एवढं मोरागच्या चेहऱ्यावरून कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून भुरभुर होती, पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी. मोजे ओले, हातमोजे ओले. तरी मी चांगली चालत होते. चढाची मला सवय आहे, निखिलला नाही. दोनदा मी थांबून त्याची वाट बघितली.

दोन वाजून गेल्यावर फर्गसने हात खाली केला आणि आम्ही तिघं आणि फर्गसचं कुत्रं जमिनीला चिकटलो. एका बांधासारख्या उंचवट्याच्या कडेवरून बघितलं. समोर पसरट दरी, पलीकडच्या उतारावर सात माद्या आणि काही पाडसं, चरत होती. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांना आमचा पत्ता नव्हता. वारा आमच्याकडे येत होता. मोठी जनावरं, आपल्या सांबरासारखी, थंडीने केस फुगलेली.

फर्गस कुजबुजला, "साडेतीनशे. जवळ जायचं तर त्या नाल्यातून सरपटावं लागेल. दोनशे यार्ड तरी. पाणी आहे." मग माझ्याकडे वळून, "डॉक्टर, जमेल? तुम्हाला इथे एकटं सोडून जाणार नाही मी. ते बघा."

डोंगरमाथ्यावरून धुकं उतरत होतं. ते आलं की दहा हातांवरचं दिसत नाही आणि नवखा माणूस कडेवरून खाली जातो, हे त्याने आधीच बजावलं होतं. म्हणजे जायचं तर तिघांनी, नाहीतर परत.

मी नाल्याकडे बघितलं. काळी मऊ माती आणि तिच्यातून वाहणारं बर्फाचं पाणी. कोपरापर्यंत बुडालं असतं.

मला जाता आलं असतं. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. चिखलात कोपरापर्यंत हात घालूनच मी बावीस वर्षं पोट भरलं. श्रावणाच्या पावसात रात्रभर गोठ्यात पालथी पडून मी वासरं ओढून काढली आहेत. पण ती माझी कामं होती. इथे मी पाहुणी होते, मला थंडी वाजत होती, पायाची बोटं बधिर झाली होती आणि मला मोरागच्या चुलीपुढे जाऊन बसायचं होतं. मी फर्गसला इंग्रजीत म्हटलं, "माझे गुडघे. मला नाही वाटत जमेल."

आणि मग निखिलकडे वळून, त्या उताराकडे हात करून, मराठीत म्हणाले, "इथून नाही का मारता येत? परवा मारलंस की चारशेवरून."

निखिलने माझ्याकडे बघितलं. मग फर्गसला विचारलं, "इथून मारू? वारा फार नाही. मला ती डावीकडची दिसतेय, एकटी, आडवी उभी आहे."

फर्गसने धुक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा माद्यांकडे. "खात्री?"

"होय."

"मग मार."

निखिलने पिशवीवर रायफल टेकवली, कागद बघितला, दुर्बिणीची चकती फिरवली. घाई अजिबात केली नाही. त्याचा श्वास संथ झाला तो मला शेजारी ऐकू येत होता. मी माझ्या लहान दुर्बिणीतून त्या मादीला बघत होते. तिचं पाडस तिच्या मागे होतं. बार झाला, त्याच वेळी ती पुढच्या गवताच्या झुबक्याकडे एक पाऊल सरकली. त्यात विशेष काही नव्हतं, चरणारं जनावर पाऊल टाकतंच.

ती पडली नाही. पाठीची कमान केली, मागचे पाय पोटाखाली घेतले आणि तशीच उभी राहिली. बाकीची कळपाने वर पळाली. निखिल दुसरी गोळी भरत म्हणाला, "गॉट हर? आत्या, लागलं?"

मी काय बघितलं ते मला त्या क्षणी कळलं होतं. पोटात तार गेलेली म्हैस अशीच उभी राहते. कमान करून, कोपरं बाहेर काढून, हलायला नको म्हणून. गोळी छातीत लागली नव्हती, पोटात लागली होती.

"पोटात," मी म्हटलं.

त्याने दुसरी मारली, ती दगडावर गेली. मग ती चालू लागली. पळाली नाही, चालली, कळप सोडून बाजूला, ओढ्याच्या दिशेने. पाडस मागे. आम्ही उतरलो. नाला आता तिघांनीही ओलांडला, मी सगळ्यांच्या पुढे, कंबरेपर्यंत भिजत. गुडघ्यांचं कोणी काही म्हणालं नाही. पलीकडे गवतावर थोडं रक्त, थोडा हिरवट चोथा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातला तो वास मला कुठेही ओळखता येतो. फर्गसच्या कुत्र्याने ओढ्यापर्यंत माग काढला. ओढा फुगलेला होता. आणि मग धुकं आलं.

फर्गस म्हणाला, "आता अंधारात तिला उठवलं तर ती आणखी लांब जाईल. सकाळी."

"सकाळपर्यंत ती…" निखिल माझ्याकडे वळला. "आत्या, किती वेळ जगतं असं?"

मी खोटं बोलायला हवं होतं का, मला अजून माहीत नाही. "एक दिवस," मी म्हटलं. "कधी दोन."

चौथा दिवस

आठला उजाडलं तेव्हा आम्ही ओढ्यावर होतो. रात्री बर्फ पडून सगळ्या खुणा झाकल्या गेल्या होत्या. कुत्रं वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. निखिलने रात्री काही खाल्लं नव्हतं आणि सकाळची मिठाची लापशीही तशीच ठेवली होती.

फर्गस त्याच्याशी लागेल तेवढंच बोलत होता. डावीकडून ये. थांब. खाली बस. माझ्याशी मात्र नेहमीसारखा होता, उलट जास्तच सांभाळून. ओढा ओलांडताना त्याने माझा हात धरला. "गुडघे कसे आहेत, डॉक्टर?" त्याने विचारलं. निखिल आमच्या मागेच होता. मी मान हलवली आणि पुढच्या दगडावर पाय ठेवला.

साडेबाराच्या सुमाराला पाडस दिसलं. एका खोलगट जागेच्या काठावर बर्फात उभं होतं. वरच्या दगडावर दोन डोंबकावळे बसले होते. फर्गसने आम्हाला पालथं व्हायला लावलं आणि आम्ही सरपटत गेलो, चाळीस यार्डांपर्यंत. ती खळग्यात बसली होती. मान वर. अंगाखालचं बर्फ वितळून काळी माती उघडी पडली होती, म्हणजे ती रात्रभर तिथून हलली नव्हती. श्वासाबरोबर तिचे दात वाजत होते. दुखण्यात असलेली गाय असेच दात खाते. पाडस मधूनमधून खाली उतरून तिच्या तोंडाला तोंड लावायचं आणि पुन्हा काठावर यायचं.

"मादी आधी," फर्गस हळू म्हणाला. "तिने पुष्कळ वाट बघितली. पाडस कुठे जाणार नाही."

निखिलने नेम धरला. त्याने रायफल खाली घेतली, हातमोजे काढले, बोटं तोंडात धरून गरम केली आणि पुन्हा धरली. बार झाल्यावर मादीची मान खाली टेकली, एवढंच. बाकी काही झालं नाही.

पाडस वीस पावलं पळालं. थांबलं. मग परत आलं आणि आईपाशी उभं राहिलं.

फर्गसने रायफलसाठी हात पुढे केला. निखिलने दिली नाही. "नो," तो म्हणाला. "मी." आणि त्याने मारलं.

मग तो बर्फात बसून राहिला. फर्गस सुरी काढून खाली गेला. तिथल्या रीतीप्रमाणे पोट जागेवरच साफ करावं लागतं. मी बाही वर केली आणि मदतीला गेले, कारण ते काम मला येत होतं. आत काय झालं होतं ते मी लिहीत नाही. ज्यांनी गुरं पाळली आहेत त्यांना कळेल. तिच्या गर्भाशयात मुठीएवढा गर्भ होता. फर्गसने तो गवताखाली ठेवला आणि वर दगड ठेवला.

हात बर्फाने पुसताना तो म्हणाला, "हो मी म्हटलं. वीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. पोरगा मागतो म्हणून काही मी द्यायला नको होतं."

हीच वेळ होती. मी सांगायला हवं होतं की पोरगा आपणहून मागत नव्हता. मी घोडीला आणायला खाली निघाले.

घोडीचं खूर बरं झालं होतं. दोघांना एकदम पाठीवर घेऊन ती सावकाश उतरली, पाडस एका बाजूला, मादी दुसऱ्या. उरलेले दोन दिवस निखिल डोंगरावर गेला नाही. त्याने फर्गसचं लाकूड फोडलं. निघताना फर्गसने त्याच्याशी हात मिळवला, पण बोलला माझ्याशी. "तुम्हाला हे बघावं लागलं, डॉक्टर, याचं वाईट वाटतं." मोरागने मला लोकरीचे मोजे दिले. मी ते घेतले.

स्लाऊ

शनिवारी अण्णांनी जेवायला दोन कुटुंबं बोलावली होती. एक डॉक्टर जोडपं आणि तिथल्या मराठी मंडळाचे एक जुने सभासद. वहिनींनी आमटी, वांग्याची भाजी, श्रीखंड असा बेत केला होता. निखिलने फोनवर फक्त "मिळालं, साडेतीनशेवरून" एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे अण्णा खुशीत होते.

"साडेतीनशे यार्ड," ते पाहुण्यांना सांगत होते. "म्हणजे इथून पार त्या चौकातल्या सिग्नलपर्यंत. एक गोळी."

"दोन, डॅड," निखिल म्हणाला. "आणि मग एक. आणि मग पाडसला एक."

अण्णांना वाटलं तो विनयाने बोलतोय. "बरं, दोन."

निखिलने पानावरचा हात काढला. त्याला मराठी शब्द शोधावे लागत होते, पण पाहुण्यांसमोर तो मराठीतच बोलला. "ती मेली नाही तेव्हा. पोटात लागला. दुसऱ्या दिवशी मेली. जवळजवळ बावीस तास ती बसलेला होता, स्नोमध्ये. तिचा बाळ तिच्याजवळ उभा होता. मी लांबून मारायला नको होता."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण बिचाऱ्याने मुद्दाम थोडंच केलं." मंडळाचे गृहस्थ म्हणाले, "शेवटी जनावरच ते." अण्णांनी चषकांकडे बघितलं आणि पाण्याचा पेला उचलला. वहिनींनी विचारलं, "अजून कोणाला पोळी?"

मी पोळी घेतली. निखिल समोर बसला होता. त्याने माझं नाव काढलं नाही. मला माझं नाव काढायला तोंड होतं, आणि मी त्या तोंडाने जेवले.

निघायच्या दिवशी विमानतळावर सोडायला तोच आला. गाडीत तो रेडिओ लावत नव्हता. पाऊस होता, काचेवरचे वायपर चालू होते. विमानतळाच्या पाट्या दिसायला लागल्यावर मला वाटलं, आता नाही बोलले तर हे मी घरी इस्लामपूरपर्यंत घेऊन जाईन.

"निखिल, माझे गुडघे दुखत नव्हते त्या दिवशी. मला जाता आलं असतं."

त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "मला माहीत होतं, आत्या. तू तर सकाळी माझ्या पुढे चालत होता."

"मग फर्गसला बोलला का नाहीस? तो तुझ्यावर चिडला होता. मी म्हटलं म्हणून तू मारलंस."

गाड्यांची रांग सुटली, पुन्हा थांबली.

"तू म्हटलंस म्हणून नाही," तो म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून लांबून मारायचा होता. मी नुसता वाट बघत होतो, कोणीतरी म्हणायची."

त्याने गाडी बाजूला घेतली, माझी बॅग उतरवली, वाकून नमस्कार केला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा मी हात काढला.